एडिस इजिप्ती डासाची ओळख : प्रौढ कीटक व अळी यांच्या लक्षणांवरून

पावसाळ्याच्या उत्तरार्धात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाकडे अळी-सर्वेक्षणाचे काम येते. विद्यार्थी उत्साहाने घरोघर जातात, बाटल्या भरून आणतात, जीवशास्त्राच्या शिक्षकांसमोर ठेवतात आणि विचारतात, "सर, हा डेंग्यूचाच ना?" शिक्षक बाटली उजेडात धरतात, पायांवर पांढरे पट्टे दिसतात आणि उत्तर जाते, "हो, हाच." नोंदवहीत एडिस इजिप्ती असे लिहिले जाते.

हे उत्तर बऱ्याचदा बरोबर ठरते आणि म्हणूनच ते तपासण्याची सवय लागत नाही. पायांवर पांढरे पट्टे असणाऱ्या डासांच्या अनेक जाती आपल्या परिसरात आहेत. त्यांपैकी किमान तीन जाती घराच्या आसपास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. पट्टे पाहून जातीचे नाव देणे म्हणजे गणवेश पाहून विद्यार्थ्याचे नाव सांगण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एडिस इजिप्ती ही जात खात्रीने कशी ओळखावी, याचे विवेचन केले आहे.

नावाला महत्त्व कशासाठी?

प्रथम एक शंका दूर करणे आवश्यक आहे. डास कोणताही असो, पाणी ओतून टाकले की काम झाले. मग जातीच्या नावासाठी इतका खटाटोप कशाला? सहकारी शिक्षक हा प्रश्न नेहमी विचारतात व तो रास्त आहे. याचे उत्तर चिकुनगुन्याच्या अलीकडच्या इतिहासात सापडते.

महाराष्ट्रात १९७३ साली बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा रोग देशात जवळजवळ विस्मृतीत गेला. २००५ च्या अखेरीस तो पुन्हा उद्भवला आणि २००६ मध्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांत त्याने थैमान घातले. या साथीत प्रमुख वाहक एडिस इजिप्ती होता. हा घरात राहणारा, रांजण, हौद, सिमेंटच्या टाक्या व कूलर यांत वाढणारा डास आहे. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, केरळात मोठी साथ आली. तेथे मात्र रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्यासाठी झाडांना बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साठून एडिस अल्बोपिक्टस हा दुसराच डास वाढत होता. या साथीतील विषाणूच्या आवरणातील ई-१ या प्रथिनात २२६ व्या स्थानी अॅलॅनिनच्या जागी व्हॅलिन आले होते. या एका बदलामुळे विषाणू अल्बोपिक्टसच्या शरीरात अधिक सहजपणे वाढू लागला. हाच बदल त्याआधी २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील साथीत आढळला होता.

रोग तोच, वर्षाचेच अंतर; पण एका ठिकाणी घरातील पाणीसाठा तपासावयाचा होता, तर दुसऱ्या ठिकाणी मळ्यातील वाट्या उपड्या करावयाच्या होत्या. घरातल्या रांजणांवर कितीही मेहनत घेतली असती तरी मळ्यातील डास कमी झाला नसता. जातीचे नाव चुकले तर श्रम चुकीच्या जागी खर्च होतात व रुग्ण वाढत राहतात.

दुसरे कारण आकडेवारीचे. समजा, विद्यार्थ्यांनी ५० घरे तपासली, पाणी असलेली २०० भांडी पाहिली आणि १८ भांड्यांत अळ्या सापडल्या. या सर्व अळ्या इजिप्तीच्या धरल्या तर भांडे-निर्देशांक ९ टक्के व ब्रेटो निर्देशांक, म्हणजे दर १०० घरांमागे अळ्या असलेल्या भांड्यांची संख्या, ३६ येतो. प्रत्यक्ष तपासणीत त्यांपैकी ८ भांड्यांतच इजिप्ती निघाला, तर हेच आकडे अनुक्रमे ४ टक्के व १६ होतात. पहिला आकडा आरोग्य खात्याला कळविल्यास सर्व फवारणी त्या वस्तीकडे वळू शकते आणि खरोखर धोका असलेली शेजारची वस्ती मागे राहते.

आधी प्रजाती, मग जाती

बाटलीत अळ्या आल्या की प्रथम त्या पाण्यात कशा राहतात ते पाहावे. अॅनॉफिलीसच्या अळीला श्वसननलिका नसते, त्यामुळे ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्युलेक्स व एडिस यांच्या अळ्या शेपटीकडील श्वसननलिका वर टेकवून डोके खाली ठेवून तिरप्या लोंबतात. क्युलेक्सची नलिका लांब व सडपातळ असून तिच्यावर केसांच्या झुपक्यांच्या अनेक जोड्या असतात. एडिसची नलिका आखूड व जाडसर असून तिच्यावर झुपक्यांची एकच जोडी असते. हा भेद चांगल्या भिंगाखालीसुद्धा कळतो. येथवर पाठ्यपुस्तके आपल्याला आणून सोडतात.

येथे एक डास हमखास फसवतो. प्रस्तुत लेखकाचीही त्याच्याकडून फसगत झाली आहे. एका सर्वेक्षणात विद्यार्थ्यांनी शौचालयाच्या टाकीच्या फुटक्या झाकणाखालून मोठ्या, गडद अळ्या आणल्या. नलिका आखूड व जाड दिसली, तेव्हा मी एडिस असे सांगून मोकळा झालो. चौथ्या दिवशी बरणीत प्रौढ बाहेर आले ते आकाराने मोठे, काळपट आणि खाली वाकलेल्या सोंडेचे. तो आर्मिजेरिस होता. सायंकाळी अंगणात चावून हैराण करणारा हाच डास. त्याच्या अळीच्या श्वसननलिकेवर बुडाशी असणारी दातांची रांग, म्हणजे पेक्टेन, अजिबात नसते. एडिसच्या नलिकेवर ती स्पष्ट असते. ती पाहिली असती तर चार दिवस थांबण्याची गरज पडली नसती. अर्थात, अळ्या घाण पाण्यातून आल्या हे ऐकूनच संशय यायला हवा होता. त्या दिवसापासून पेक्टेन पाहिल्याखेरीज एडिस हा शब्द उच्चारायचा नाही, असा नियम आमच्या प्रयोगशाळेत आहे.

प्रौढ डासाची लक्षणे

प्रौढ इजिप्ती ओळखण्यासाठी वक्षाची पाठ हे सर्वांत प्रसिद्ध लक्षण आहे. काळसर पाठीवर दोन्ही कडांना बाहेरच्या बाजूस वाकलेल्या चंदेरी पांढऱ्या रेषा असतात व त्यांच्यामध्ये दोन बारीक, सरळ, फिकट रेषा असतात. एकत्रित आकृती लायर या प्राचीन ग्रीक तंतुवाद्यासारखी दिसते, असे पुस्तकात म्हटलेले असते. आपल्या विद्यार्थ्यांनी ते वाद्य पाहिलेले नसते. पाठमोरे ठेवलेले दोन कंस व त्यांच्यामध्ये दोन उभ्या रेघा, असे फळ्यावर काढून दाखविल्यास त्यांच्या लवकर ध्यानात येते.

अल्बोपिक्टसच्या पाठीवर मध्यभागी एकच ठळक चंदेरी रेघ असते. ती डोक्यापासून मागे जाते. ही जात स्क्यूज यांनी १८९४ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून वर्णन केली. वर्तमानपत्रांत हिला आशियाई वाघ-डास असे म्हटले जाते. तिसरी जात एडिस व्हिटॅटस. दख्खनच्या पठारावर व बेळगावच्या आसपासच्या खडकाळ भागात काम करणाऱ्या शिक्षकांनी ही अवश्य लक्षात ठेवावी, कारण ती कातळातील खळग्यांत, दगडी उखळांत व तत्सम ठिकाणी साठलेल्या पावसाच्या पाण्यात वाढते. तिच्या पाठीवर रेषा नसतात. पांढऱ्या लहान ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात आणि टिबियाच्या मध्यभागी पांढरा पट्टा असतो.

पायांच्या टोकाकडील सांध्यांवरचे पांढरे पट्टे, ज्यांवरून आपण सर्रास नाव देतो, ते इजिप्ती व अल्बोपिक्टस या दोघांतही जवळजवळ सारखेच असतात. दोघांच्याही मागच्या पायाच्या टार्ससचा शेवटचा भाग पांढरा असतो. स्पर्शकांची टोकेही दोघांची पांढरी असतात. या लक्षणांवरून प्रजातीचा अंदाज येतो, त्याहून अधिक काही हाती लागत नाही.

अडचण अशी की पाठीवरची आकृती खवल्यांची बनलेली असते आणि खवले झडतात. जाळीत फडफडलेला, चापटीने मारलेला किंवा कापसात दाबून आणलेला डास पाठीवर टकला झालेला असतो. अशा नमुन्यावर मधली रेघ दिसत नाही म्हणून तो इजिप्ती, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. लक्षण दिसत नाही याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही, हे या निमित्ताने शिकविता येते. अशा वेळी झाकलेल्या, कमी घासल्या जाणाऱ्या भागांकडे वळावे.

सोंडेच्या मुळाशी, दोन्ही शृंगिकांच्या खाली, एक लहान घुमटासारखा भाग असतो. त्याला क्लायपिअस म्हणतात. इजिप्तीच्या मादीत त्यावर पांढऱ्या खवल्यांचे दोन स्पष्ट पुंजके असतात. अल्बोपिक्टसमध्ये तो काळा व उघडा असतो. डोके समोरून, किंचित खालून पाहिल्यास हे पुंजके दोन पांढऱ्या टिंबांसारखे चमकतात. यानंतर मधल्या पायाची मांडी, म्हणजे फीमर, पाहावी. इजिप्तीमध्ये तिच्या पुढील बाजूवर लांबीच्या दिशेने एक पांढरी रेघ असते, अल्बोपिक्टसमध्ये ती नसते. वक्षाच्या कुशीवर मीसेपिमेरॉन नावाची पट्टिका आहे. इजिप्तीत तिच्यावर पांढऱ्या खवल्यांचे दोन ठिपके एकमेकांपासून वेगळे असतात, तर अल्बोपिक्टसमध्ये ते जुळून इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. हे शेवटचे लक्षण पाहायला सराव लागतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी क्लायपिअस व फीमर पुरेसे आहेत.

ही सर्व तपासणी मादीवर करावी. नराच्या शृंगिका झुबकेदार असल्याने तो पटकन वेगळा काढता येतो.

अळीची लक्षणे

सर्वेक्षणात प्रौढ क्वचित हाती लागतात. अळ्या मात्र विपुल मिळतात. म्हणून खरा भर अळीवर द्यावा लागतो. अट एकच, अळी चौथ्या अवस्थेतील हवी. त्याआधीच्या अवस्थांत पुढे वर्णिलेली लक्षणे अपूर्ण असतात. बरणीत काही अळ्या कोषात जाऊ लागल्या की उरलेल्या मोठ्या अळ्या चौथ्या अवस्थेतील आहेत असे समजण्यास हरकत नाही.

अळीच्या उदराच्या आठव्या खंडावर, दोन्ही बाजूंना, सूक्ष्म दातांचा एक समूह असतो. त्याला कंगवा म्हणतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी या कंगव्यात आहे. क्युलेक्समध्ये असे दात पुष्कळ असून ते त्रिकोणी पुंजक्यात दाटलेले असतात. इजिप्तीत ते मोजके, साधारण आठ ते बारा, एका वाकड्या रांगेत असतात. अल्बोपिक्टसमध्येही एकच रांग असते. म्हणजे रांग पाहून थांबू नये. प्रत्येक दाताचा आकार पाहावा. इजिप्तीच्या दाताला मधला मोठा काटा व त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना मजबूत उपकाटे असतात. त्रिशूळ म्हटले की विद्यार्थ्याला दुसरे काही सांगावे लागत नाही. अल्बोपिक्टसचा दात एकाच सरळ काट्यासारखा असून त्याच्या बुडाशी अगदी बारीक झालर असते. १० पटीच्या वस्तुभिंगाखाली रांग सापडते, ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली त्रिशूळ दिसतो.

दुसरे लक्षण वक्षावर आहे. वक्षाच्या मधल्या व मागच्या भागाच्या दोन्ही कडांना, लांब केसांच्या मुळाशी, इजिप्तीच्या अळीत ठळक, काळे, वाकलेले काटे असतात. अल्बोपिक्टसमध्ये ते फारच लहान असतात. कमी क्षमतेच्या सूक्ष्मदर्शकाखालीही हे काटे दिसतात, त्यामुळे शंभर अळ्या चाळायच्या असतील तर प्रथम वक्ष पाहावे व शंका आल्यास कंगव्याकडे जावे.

नमुना बनविण्याची रीत सोपी आहे. अळ्या सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात टाकून माराव्यात. उकळत्या पाण्यात त्या फुगतात व केस गळतात. नंतर ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. तपासताना सातव्या व आठव्या खंडांच्या मध्ये सुईने छेद द्यावा, शेपटीचा भाग काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात कुशीवर झोपवावा आणि वर आच्छादन काच हलकेच ठेवावी. भाग कुशीवर पडला नाही तर दोन्ही बाजूंचे कंगवे एकमेकांवर दिसतात व सगळा गोंधळ होतो. पहिल्या दिवशी दहापैकी सात काचपट्ट्या बिघडतात. विद्यार्थ्यांवर रागावू नये, अळ्यांची टंचाई नसते.

ठिकाणाचा पुरावा

इजिप्ती घरातला, अल्बोपिक्टस बागेतला, हे सूत्र स्थूलमानाने खरे आहे. इजिप्ती पडद्यामागे, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांत विसावतो व प्रामुख्याने माणसाचे रक्त शोषतो. अल्बोपिक्टस झाडीत राहतो. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील शिक्षकांना उन्हाळ्याअखेरच्या कूलरमध्ये बहुधा इजिप्ती मिळेल. गोव्यातील कुळागरात करवंट्या व पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या यांत पावसाळ्यात अल्बोपिक्टस मिळण्याचा संभव अधिक. परंतु टाकून दिलेल्या टायरमध्ये दोन्ही जाती एकत्र सापडतात. एका भांड्यातील एक अळी तपासून संपूर्ण भांड्याचे नाव लिहिणे त्यामुळे धोक्याचे आहे. शक्य तर प्रत्येक भांड्यातून किमान पाच-सहा अळ्या तपासाव्यात. अळी कोठून आणली ही माहिती चिठ्ठीवर अवश्य असावी, पण नाव ठरेपर्यंत चिठ्ठी उलटी ठेवावी, म्हणजे तपासणाऱ्याचे डोळे आधीच निर्णय घेत नाहीत.

नावांचा घोळ

ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांत हाच डास स्टेगोमाया फॅसिआटा या नावाने आढळेल. २००४ नंतरच्या काही लेखांत स्टेगोमाया इजिप्ती असे दिसेल, कारण त्या वर्षी काही वर्गीकरणतज्ज्ञांनी स्टेगोमाया या उपप्रजातीला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला होता. २०१५ मध्ये पुन्हा एडिस हीच व्यापक प्रजाती मानण्याकडे कल वळला. विद्यार्थ्यांना हे तीन वेगळे डास वाटू नयेत एवढीच काळजी घ्यावी. मूळ नावाची कथाही मनोरंजक आहे. १७६२ साली प्रसिद्ध झालेले इजिप्तमधील डासाचे पहिले वर्णन इतके संदिग्ध होते की ते भलत्याच डासाचे असावे असे पुढे तज्ज्ञांना वाटू लागले. मॅटिंग्ली, स्टोन व नाइट यांनी १९६२ साली नाव कायम ठेवण्याचा प्रस्ताव मांडला व प्राणिनामविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९६४ मध्ये तो मान्य केला. आपल्या देशातील जातींसाठी बॅरॉड यांचा १९३४ सालचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालेतील खंड आजही उपयोगी पडतो. त्यातील नावे मात्र तपासून घ्यावीत.

नोंदवही व बरणी

नोंदवहीत जातीच्या रकान्यासोबत "कोणत्या लक्षणांवरून" असा रकाना असावा. प्रौढाच्या बाबतीत पाठ, क्लायपिअस व फीमर यांपैकी किमान दोन, अळीच्या बाबतीत कंगव्याचे दात व वक्षाचे काटे ही दोन्ही लक्षणे जुळल्याशिवाय जातीचे नाव लिहू नये. एकच दिसले तर "एडिस, जात अनिश्चित" असे लिहावे. विद्यार्थ्यांना यात कमीपणा वाटतो व ते शेजाऱ्याच्या वहीतून नाव उतरवतात. अनिश्चित लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत हे शिक्षकांनी आधीच जाहीर करावे. अशा नोंदी दहातून तीन निघाल्या तरी सर्वेक्षण वाया जात नाही, पण खोट्या तीन निघाल्या तर जाते.

शंका उरल्यास अळ्या वाढवून प्रौढ मिळवावेत. बरणीचे तोंड मच्छरदाणीच्या कापडाने घट्ट बांधावे व अळ्यांना चिमूटभर यीस्ट द्यावे. कोषातून डास साधारण दोन दिवसांत बाहेर येतो. त्याला आणखी एक दिवस तसाच ठेवावा, म्हणजे अंग घट्ट होते व खवले टिकतात. नंतर बरणी शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून डास मारावेत. क्वचित मादीकडून अंड्यांवाटे विषाणू पुढील पिढीत जाऊ शकतो, म्हणून वाढविलेला एकही डास प्रयोगशाळेत मोकळा सुटू देऊ नये व हातावर चावू देऊ नये.

काम संपल्यावर बरणीत कडकडीत पाणी ओतून मगच ती रिकामी करावी आणि आतील बाजू घासून काढावी. या डासाची काळी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याला चिकटलेली असतात व कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या सत्रात त्याच बरणीत कोणी पाणी भरले की अळ्या पुन्हा दिसू लागतात.